दुकानातून काढलेला गेम विकत घ्यायचा असेल तर

गणपतीला चाकरमानी गावी आले की कुडाळ-मालवणच्या पोरांच्या हाती जुन्या गेमच्या डिस्क आणि गेम डाउनलोड करायचे कोड येतात. त्यातले काही गेम आता अधिकृत ऑनलाइन दुकानात मिळत नाहीत, म्हणून विकणारा जास्त पैसे सांगतो. पैसे देण्याआधी गेम दुकानातून का गेला ते शोधा, कारण सगळा व्यवहार त्यावर ठरतो.

गेममधल्या गाड्या आणि गाणी बहुधा ठरावीक मुदतीच्या परवान्यावर घेतलेली असतात. मुदत संपली की नवी विक्री थांबते. ‘फोर्झा होरायझन ४’ची डिजिटल विक्री अशीच १५ डिसेंबर २०२४ला थांबली. ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ जानेवारी २०२४मध्ये परवान्यांची मुदत संपल्यापायी गेला. ज्यांनी हे आधी घेतले, ते आजही खेळतात. असा गेम घ्यायला हरकत नाही.

गेम नेटवरून ज्याला जोडलेला असतो तो कंपनीचा सर्व्हरच बंद झाला असेल तर मात्र घेऊ नका. ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले. एकट्याने खेळतानाही त्याला सर्व्हर लागायचा, त्यामुळे त्याची सीलबंद डिस्कसुद्धा आता कामाची नाही. विक्रेत्याला सरळ विचारा, ‘नेट नसताना चालतो का?’ आणि समोर चालवून दाखवायला सांगा.

डिस्क उजेडात तिरकी धरून बघा. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशीचे डाग पडतात. डब्यातला जादा भागांचा कोड वापरलेला असणार हे धरूनच भाव करा. मूळ गेम दुकानातून गेला की ते भागही सहसा वेगळे विकत मिळत नाहीत.

नुसता कोड घेत असाल तर तो भारतात चालतो का, हे आधी लेखी विचारून घ्या. मिळाल्याबरोबर वापरा, पावती आणि चॅट जपून ठेवा. चोरीच्या कार्डावर घेतलेले कोड कंपनी नंतर रद्द करू शकते, आणि तोवर विकणारा फोन उचलत नाही. ‘अकाउंटसकट गेम देतो’ म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या नियमांत अकाउंट विकायला मनाई आहे आणि मूळ मालक ते कधीही परत मिळवू शकतो.

तुमच्याकडे आधीच असलेले गेम मिरग लागायच्या आत डाउनलोड करून ठेवा. एकदा झाडं तारांवर पडायला लागली की लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो. एक्सबॉक्स ३६०चं दुकान २९ जुलै २०२४ला बंद झालं. घेतलेले गेम अजून उतरवता येतात, पण त्यावर विसंबू नका. जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमची इन्स्टॉलर फाइल हार्ड डिस्कवर ठेवता येते, ती जरूर ठेवा. हार्ड डिस्क सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून डिजिटल गेम विकणाऱ्याला सांगावं लागतं की गिऱ्हाईक फक्त परवाना घेत आहे. माझ्या मते तेवढं पुरेसं नाही. गाड्या-गाण्यांचा करार कधी संपणार हे कंपनीला ठाऊक असतं, तर ती तारीख किमतीशेजारी छापायलाच हवी.

फसवणूक झालीच तर पावती हाताशी घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर फोन करा. स्टीमवरून थेट घेतला असेल तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असताना परतावा मागता येतो.