संवादफलकासाठी चित्रचिन्हे निवडताना: 'नको' आधी, सफरचंद नंतर

ज्यांना बोलून सांगता येत नाही, किंवा ज्यांचे बोलणे इतरांना कळत नाही, त्यांच्यासाठी चित्रांचा संवादफलक, म्हणजे चित्रांवर बोट ठेवून म्हणणे सांगण्याचा तक्ता, करायला बसलेली बहुतेक माणसे पहिल्याच दिवशी सफरचंद, फुगा, मोटार आणि हत्ती छापतात, कारण ती चित्रे सहज मिळतात आणि सुबक दिसतात. असा फलक आठवडाभरात कपाटात जातो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर पुरता ताबा नसणे) किंवा स्वमग्नता असलेली मुले आणि अर्धांगवायूच्या झटक्यानंतर वाचा गेलेली मोठी माणसे यांच्यासाठी मी अनेक वर्षे फलक करते आहे. दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी झाली आहे आणि घरच्यांकडून रोजच्या शब्दांची यादी घेतली आहे, असे धरून पुढचे लिहिते.

प्रथम एकच चित्रसंच निवडावा आणि तोच शेवटपर्यंत ठेवावा. स्पेनमधील आरागॉनच्या प्रादेशिक सरकारचा 'आरासाक' हा संच श्रेय देऊन बिगरव्यापारी कामासाठी मोफत वापरता येतो. मोबाइल किंवा टॅबलेट हाताळता येत असेल, तर आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' आणि चेन्नईत तयार झालेले 'आवाज' ही ॲप पाहावीत.

माणसे आणि वस्तू हा सोपा भाग आहे. आई, आजी, घरचा पेला आणि घरचे शौचालय यांचे सरळ फोटो काढावेत. घरात भाकरी होत असेल, तर पावाच्या कापाचे चित्र लावू नये.

खरी अडचण येते ती ज्यांचा फोटो निघत नाही अशा शब्दांची, म्हणजे नको, पुरे, आणखी, थांब आणि मदत यांची. माझ्या सुरुवातीच्या सगळ्या चुका इथेच झाल्या. बाहेरच्या संचांमध्ये नकारासाठी बहुधा एकच लाल फुली असते, कारण इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये तेवढा एक शब्द पुरतो. मराठीत 'पाणी नाही' ही माहिती आहे आणि 'पाणी नको' ही इच्छा आहे. दोन्हींसाठी एकच चिन्ह दिले, तर मूल उत्तर देते आहे की नकार देते आहे, हे समोरच्याला कळत नाही.

सात वर्षांच्या एका मुलाच्या फलकावर मी तीच फुली लावली होती. डब्यातला उपमा समोर आला की त्याचे बोट फुलीपर्यंत जाई, मग तो माझ्या चेहऱ्याकडे पाही आणि हात मागे घेई. त्याला चिन्ह कळलेले नाही, असे मी तीन आठवडे समजत राहिले. एके दिवशी त्याच्या आईने त्याची वही दाखवली आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरावर तशीच लाल फुली दिसली. तो फुलीचा अर्थ 'चुकले' असा वाचत होता. मी फुली काढली, 'नाही'साठी मान हलवणारा चेहरा आणि 'नको'साठी ताटली बाजूला सारणारा हात काढला, आणि पुढच्याच आठवड्यात त्याने उपमा ठामपणे नाकारला.

त्यातून दुसरा गोंधळ झाला. थांब, नको आणि पुरे या तिन्हींना मी हातच काढला होता आणि दोन हात अंतरावरून पाहिले, तर तिन्ही चित्रे सारखीच दिसत होती. म्हणून जवळच्या अर्थाची चिन्हे कधीही एकेकटी निवडू नयेत. ती शेजारी ठेवून, लांबून, डोळे किंचित मिटून पाहावीत. आता 'थांब'साठी मी समोर धरलेला तळवा ठेवते आणि 'पुरे'साठी ताटावर आडवा धरलेला हात, जसा आपण पंगतीत वाढपी आला की धरतो. हा हात मुलांनी घरी पाहिलेला असतो.

चित्र पाहताक्षणी अर्थ कळलाच पाहिजे, हा सल्ला मात्र मी मानत नाही. चार्ल्स ब्लिस यांनी 1949 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिन्हलिपीतील कितीतरी चिन्हे कशासारखीही दिसत नाहीत, तरी 1971 पासून टोरांटोमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेली मुले त्यांच्या आधारे संवाद साधू लागली. अर्थ वापरातून येतो. म्हणून चित्र दाखवून 'हे काय आहे?' अशी परीक्षा घेऊ नये. वाढताना आपणच 'पुरे'वर बोट ठेवावे, तोंडाने 'पुरे' म्हणावे आणि लगेच वाढणे थांबवावे. असे दिवसातून अनेकदा करावे.

'नको' दिले तर मूल प्रत्येक गोष्टीला नकोच म्हणेल, म्हणून ते सध्या राहू द्या, असे मला अनेक पालकांनी आणि काही शिक्षकांनीही सांगितले आहे. हे मला मुळीच मान्य नाही. ज्याला नकार देता येत नाही, तो ढकलतो, ओरडतो किंवा स्वतःला चावतो. औषधासारख्या बाबतीत नकार मानता येत नसेल, तर 'नको म्हणालास, ते कळले, पण औषध घ्यावे लागेल' असे स्पष्ट सांगावे. चिन्ह काढून घेऊ नये.

मांडणी मराठीच्या वाक्याप्रमाणे करावी: डावीकडे 'मी' आणि 'मला', मध्ये वस्तू, उजवीकडे 'पाहिजे', 'नको', 'दे'. इंग्रजी फलकात क्रियापद मध्ये असते आणि ती मांडणी जशीच्या तशी उचलली, तर 'मला पाहिजे पाणी' असे वाक्य मुलाच्या हाताला लागते. एकदा ठरलेली जागा बदलू नये, कारण बोट जागा लक्षात ठेवते. नव्या शब्दांसाठी सुरुवातीपासूनच रिकाम्या चौकटी सोडाव्यात. प्रत्येक चित्रावर शब्द देवनागरीत, घरी बोलतात तसा लिहावा.

मोठ्या माणसांसाठी बालचित्रे वापरू नयेत. वाचा गेलेल्या एका आजोबांनी स्ट्रॉ लावलेल्या पेल्याचे चित्र असलेला फलक दोनदा बाजूला सारला. त्या जागी त्यांच्या रोजच्या कपबशीचा फोटो लावल्यावर त्यांनी तो स्वतःहून ओढून घेतला.

लॅमिनेशन चकाकणारे नसावे, आणि दोन प्रती काढून एक घरी, एक दप्तरात ठेवावी. वर्गात फलक नको, असे शाळेने सांगितले, तर 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील 'संवाद' या शब्दाची व्याख्या छापून सोबत न्यावी. बोलण्याला पूरक आणि पर्यायी अशा पद्धतींचा तिच्यात स्पष्ट उल्लेख आहे.