मळ्यातल्या घरासाठी जमिनीखालची हवानळी

स्वीडनसारख्या थंड मुलखात जमिनीत नळ्या पुरतात आणि हीट पंपाने तिथली ऊब घरात घेतात. खान्देशात गरज नेमकी उलटी. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 44-45 अंशांवर जातो, पण तीन मीटर खाली माती 27-28 अंशांच्या आसपासच राहते. त्या मातीतून हवा फिरवून घरात घेतली की झालं, हीट पंप लागत नाही.

एका खोलीला 160 मिमीचा पीव्हीसी पाइप, 30 मीटर. जेसीबीने तीन मीटर खोल चर काढा. काळी माती कोसळते, आधार लावल्याशिवाय चरात कुणालाही उतरू देऊ नका. सांधे वरच जोडा, रात्रभर सुकू द्या, मग दोरांनी पाइप खाली सोडा. घराकडून बाहेरच्या टोकाकडे मीटरला एक सेंटिमीटर उतार हवा. खालच्या टोकाला पाणी साचायला खड्डा ठेवा आणि त्याचं झाकण घट्ट बसवा, नाहीतर पंखा तिथूनच हवा ओढेल. हवा आत घेणारं तोंड सावलीत, जमिनीपासून दीड मीटर वर, गोठ्यापासून लांब. त्याला स्टीलची बारीक जाळी लावाच, साप-उंदीर आत शिरतात.

सगळ्यात जास्त बिघडतं ते भरावात. काळी माती वाळली की आकसते, पाइपभोवती पोकळी पडते आणि उष्णता मातीत जातच नाही. म्हणून पाइपभोवती वीसेक सेंटिमीटर बारीक मुरूम-वाळू ओली करून दाबून भरा. चैत्र-वैशाखात वरून ठिबकची नळी चालू ठेवा, ओली माती उष्णता पटकन पुढे नेते. मात्र ही ओल घराच्या पायापासून तीन मीटर तरी लांब हवी, नाहीतर माती फुगून भिंतींना तडे जातील.

साधा एक्झॉस्ट फॅन इथे दमतो, इनलाइन डक्ट फॅन, म्हणजे पाइपाच्या मधेच बसणारा पंखा, घ्या. ताशी 160 घनमीटर हवा 44 वरून 31 अंशांवर आली, तर गारवा सव्वासहाशे वॅटच्या आसपास मिळतो. एक टनाचा एसी 3500 वॅटचा असतो, तेव्हा अपेक्षा तेवढीच ठेवा. दुसरा पाइप टाकायचा तर दोन मीटर अंतरावर.

दुपारी थंड येणारी हवा संध्याकाळी कोमट झाली, तर पाइपभोवतीची माती तापली आहे. पंखा वाढवू नका, कमी करा. रात्री तो बंद ठेवून खिडक्या उघडा.