गळकी पेट्रोल टाकी: सीलरची बाटली उघडण्याआधी या चुका टाळा

येझदी, राजदूत, जुनी बुलेट, आरएक्स १००: गाडी कोणतीही असो, टाकी गळायला लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो. "सीलर ओत, काम झालं." (सीलर म्हणजे टाकीत ओतून फिरवायचं, आतून अस्तर धरणारं द्रव.) दोन-तीन महिन्यांनी कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक छिद्रात, त्याच सीलरचे पापुद्रे सापडतात आणि टाकी पुन्हा ठिबकत असते. सीलर बहुतेक वेळा वाईट नसतो. त्याच्या आधीची कामं झालेली नसतात.

जुन्या टाकीचा पत्रा साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा असतो. तो आतून गंजतो, कारण पेट्रोलपेक्षा जड असलेलं पाणी तळाशी साचून राहतं. म्हणून भोकं सहसा सर्वात खालच्या भागात पडतात: कॉकच्या (पेट्रोलच्या तोटीच्या) आजूबाजूला, दोन्ही बाजूंच्या खालच्या कडांच्या जोडात आणि टाकीच्या तळाच्या, फ्रेमवर बसणाऱ्या खोलगट बोगद्याच्या दोन्ही काठांवर. फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर आलेल्या ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने यात भर घातली. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि मर्यादेपलीकडे पाणी झालं की त्याच्यासह वेगळं होऊन तळाशी बसतं. कोकणात चार महिने अर्ध्या टाकीने उभी राहिलेली गाडी आतून कशी दिसेल, याचा अंदाज करायला टॉर्चही लागत नाही.

थेंब पडतो तिथेच भोक आहे असं धरून चालणं

पेट्रोल पत्र्याच्या खालून कडेकडेने वाहत जातं आणि सोयीच्या टोकाला थेंब होऊन पडतं. टाकी गळते म्हणून आणलेल्या गाडीत दोष कॉकचा निघतो, असं वारंवार होतं: आतला कॉर्क आकसलेला, फायबर वॉशर चेपलेला किंवा आटे घासलेले. आधी कॉक बदलून पाहा. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायचा मोह आवरा. पेट्रोलने तो विरघळत नाही हे खरं, पण त्याचे तंतू सुटून जेटमध्ये जाऊन बसतात. नवा फायबर वॉशर काही रुपयांत मिळतो.

कॉक निर्दोष असेल तर टाकी उतरवा, रिकामी करून सुकवा. खडूची पूड थोड्या पाण्यात कालवून बाहेरून पातळ लेप द्या, तो वाळू द्या आणि आत दोन-तीन लिटर रॉकेल घालून टाकी प्रत्येक कुशीवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पांढऱ्या लेपावर जिथून ओला डाग सुरू होतो ते भोक. पेन्सिलीने खूण करा. एक भोक सापडलं म्हणून थांबू नका, त्याच्या शेजारी दोन-तीन तरी निघतात. खुणेभोवतीचा पत्रा अंगठ्याने दाबून पाहा. तो लवत असेल तर तिथे पत्रा राहिलेलाच नाही, फक्त रंग आणि गंज आहे.

कॉम्प्रेसरची हवा भरणं

साबणाच्या पाण्याने बुडबुडे पाहायला हरकत नाही, पण दाब १ ते २ पीएसआयच्या वर नको. हिशोब सोपा आहे. टाकीची बाजू साधारण ३० बाय २० सेंटीमीटर धरली तर ६०० चौरस सेंटीमीटर होतात. २ पीएसआयला तिच्यावर ८४ किलोचा रेटा येतो आणि ३० पीएसआयला साडेबाराशे किलोंच्या वर. टाकी फुग्यासारखी होते आणि पुन्हा मूळ आकारात येत नाही. सायकलचा पंप आणि हलका हात पुरतो.

"टाकी रिकामी आहे" म्हणून ज्योत जवळ नेणं

या लेखातली बाकीची कोणतीही चूक सुधारता येते, ही नाही. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो. १३ लिटरच्या टाकीत एवढी वाफ व्हायला एक-दोन मिलिलिटर पेट्रोल पुरतं आणि तेवढं तर जोडाच्या फटीत आणि गंजाच्या थरात मुरलेलं असतंच. वास येत नाही म्हणजे वाफ नाही असंही नव्हे. पत्रा तापला की मुरलेलं पेट्रोल बाहेर येतं. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची ती याचमुळे.

काही ठिकाणी दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरचा धूर टाकीत सोडून वेल्डिंग करतात. टू-स्ट्रोकच्या धुरात न जळलेलं पेट्रोलच असतं, तेव्हा हा उपाय म्हणजे काडीपेटीवर ठेवलेला विश्वास आहे. व्हॅक्यूम क्लीनरने टाकी ओढणं, बल्ब आत सोडून पाहणं आणि ॲसिटोनने धुतल्यावर लगेच हेअर ड्रायर लावणं यांचीही तीच जात.

रीत अशी: धुण्याचा सोडा आणि साबणचुरा घालून कढत पाण्याने तीन-चार वेळा धुवायचं, मग अर्धा-पाऊण तास पाण्याची वाफ सोडायची. काम करताना भोक वर येईल अशी टाकी ठेवून भोकाच्या दोन-तीन सेंटीमीटर खालपर्यंत पाणी भरायचं, म्हणजे पेट्रोलच्या वाफेला जागाच उरत नाही. वरच्या बाजूला येणारं तोंड, झाकणाचं किंवा कॉकचं, उघडं हवं. एवढं घरी जमणार नसेल तर रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे टाकी द्या. इंधनाच्या टाक्या झाळणं त्याच्या रोजच्या कामातलं असतं.

चिकट तेलावर आम्ल ओतणं

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या टाकीत आतून तेलाचा थर बसलेला असतो. त्यावर आम्ल ओतलं तर ते तेलावरून घसरून जातं आणि मधे मधे गंजाची बेटं राहतात. आधी तेल, मग गंज. पाण्याचे थेंब न बनता पत्रा सगळीकडे सारखा ओला होऊ लागला की तेल गेलं समजा.

गंजासाठी संडास धुण्याचं आम्ल सर्रास वापरतात. ते हायड्रोक्लोरिक असतं. अर्ध्या तासात टाकी चकचकीत होते, पण उरलासुरला पत्राही खाल्ला जातो आणि जोडात अडकलेलं क्लोराइड पुढे महिनोन्महिने गंज चढवत राहतं. त्यापेक्षा लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड घ्या. कोमट पाण्यात लिटरला १०० ग्रॅम, म्हणजे १३ लिटरच्या टाकीला सव्वा ते दीड किलो. टाकी काठोकाठ भरा, कारण अर्धवट भरली तर पाण्याच्या रेषेवर वेगळाच गंज धरतो. दर तीन-चार तासांनी पाहा, बारा ते चोवीस तासांत काम होतं. झाकणाच्या तोंडाभोवती आधी मेण किंवा ग्रीस फासा, नाहीतर ओघळ रंगावर कायमचे उमटतात.

सुटे गंज पाडायला आत खडी किंवा वाळू घालू नका. बोल्ट घालणार असाल तर मोजून घाला आणि मोजून काढा. त्याहून बरी जुनी सायकलची चेन. टोकाला तार बांधली की अख्खी एकदम बाहेर येते.

आम्ल काढल्यावर पाच मिनिटं चहाला गेलात तरी आत केशरी छटा येते. उघडा पडलेला पत्रा लगेच गंजतो. म्हणून लिटरला ५० ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने खळबळा, कढत पाण्याने विसळा आणि लागोपाठ ब्लोअरने सुकवा. जोडातलं पाणी उरतंच. ते ओढून घ्यायला अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून हलवा, ओतून टाका आणि मग फक्त थंड हवा सोडा.

साबण आणि एम-सील यांना दुरुस्ती मानणं

वाटेत टाकी फुटली तर धुण्याच्या साबणाची वडी भोकावर घासणं हा अस्सल उपाय आहे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, घरी पोचेपर्यंत धरतो. एम-सील मात्र पेट्रोलने ओल्या पत्र्यावर धरतच नाही. कोरड्या पत्र्यावर लावलं तरी आतून येणारं इथेनॉल त्याच्या काठाखाली शिरतं. पुढे झाळताना हे दोन्ही खरवडून पत्रा पांढरा करावा लागतो, तेव्हा जितकं कमी फासाल तितकं बरं.

भोक सीलरने बुजेल अशी आशा

सीलर हे अस्तर आहे, पत्रा नव्हे. एक मिलिमीटरपेक्षा मोठं भोक आधी धातूने बंद करायला हवं. सुईएवढ्या भोकांना कथील-शिशाचा डाक (वितळवून लावलेला जोड) उत्तम. तो १९० अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे पत्रा वाकत नाही आणि रंगही थोडाच जळतो. मोठ्या जागी कल्हई केलेल्या पत्र्याचं किंवा पातळ पितळेचं ठिगळ लावा. ते भोकाच्या चहूबाजूंनी १०-१२ मिलिमीटर पुढे यायला हवं. नवसागर किंवा जस्त विरवलेलं तेजाब वापरलं असेल तर नंतर सोड्याच्या कढत पाण्याने घासून धुवा. राहिलेला हा फ्लक्स (डाक धरवणारं रसायन) काही आठवड्यांत ठिगळाशेजारी नवं भोक पाडतो आणि दोष डाक देणाऱ्याला येतो.

ब्रॅकेटजवळची चीर ही वेगळी गोष्ट. ती थरथरीने पडलेली असते, डाक तिथे टिकत नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडून ब्रेझिंग (पितळ वितळवून जोडणं) किंवा टिग वेल्डिंग (विजेच्या ठिणगीने पत्राच वितळवून जोडणं) करावं लागतं. त्या जागी पूर्वी डाक दिलेला असेल तर आधी सांगा. शिसं राहिलं तर ब्रेझिंग पकडत नाही. गंजून कागद झालेल्या पत्र्यावर वेल्डिंग मात्र टाळा. एक भोक बुजवताना शेजारी चार पडतात.

सीलर: जास्त म्हणजे चांगलं नव्हे

निवडताना एकच प्रश्न विचारा: ई-२० ला चालतो का? लेबलवर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. पॉलिएस्टर रेझिन आणि जुन्या पद्धतीचे बरेच सीलर इथेनॉलने मऊ पडून सोलतात. फेनॉलिक नोव्होलॅक जातीचं दोन भागांचं इपॉक्सी टिकतं. साधं फायबरग्लासचं रेझिन वापरूच नका.

१३ लिटरच्या टाकीचं आतलं क्षेत्रफळ अर्ध्या चौरस मीटरहून थोडं जास्त भरतं. तीन दशांश मिलिमीटरच्या थराला दोनशे मिलिलिटरच्या आत माल लागतो. अडीचशे ते तीनशे मिसळा आणि उरलेला ओतून काढा. न काढलेला माल कॉकच्या खड्ड्यात साचतो, वरून कडक आणि आतून कच्चा राहतो आणि नेमका तिथून तडकतो. एप्रिल-मेच्या दुपारी सगळा माल एकदम मिसळू नका. भांड्यातच तापून घट्ट होतो. सकाळी, पंचवीस-तीस अंशांत काम करा. भर पावसात करूच नका.

कॉकच्या भोकात ग्रीस लावलेला जुना बोल्ट बसवा. टाकी दर पाच मिनिटांनी नव्या कुशीवर, बोगद्याच्या दोन्ही बाजू धरून, तासभर फिरवत राहा. सीलर लपलपीत झाला, पण कडक झाला नाही, अशा वेळी बोल्ट काढा. दुसऱ्या दिवशी काढायला गेलात तर आटे घेऊनच येतो. मग चार ते सात दिवस झाकण उघडं ठेवून वाळू द्या. बोटाला चिकटत नाही म्हणजे वाळला असं नाही.

आधीचा सीलर सोलत असेल तर त्याच्यावर नवा ओतू नका. मिथिलीन क्लोराइडचा स्ट्रिपर जुना थर काढतो, पण तो नायट्राइलचे हातमोजे काही मिनिटांत भेदतो. उघड्यावर, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून आणि योग्य हातमोजे घालूनच वापरा.

मूळ कारण तसंच ठेवून टाकी चढवणं

पहिलं भरणं पेट्रोलचं नको. रॉकेल भरून वर्तमानपत्रावर चोवीस तास ठेवा. चढवताना पुढचे रबरी बुश आणि मागची पट्टी नवी घ्या. बोगदा फ्रेमला टेकत असेल तर रंग खरवडून तो पुन्हा पातळ होणारच. टाकी बसवल्यावर बोगदा आणि फ्रेम यांच्या मधे सगळीकडे पाच मिलिमीटर तरी फट दिसायला हवी. झाकणातलं श्वासाचं भोक तारेने मोकळं करा. ते सीलर फिरवताना बुजलं असेल तर गाडी पाच-सात किलोमीटरवर बंद पडेल आणि झाकण उघडताच फुस्स आवाज येऊन पुन्हा चालू होईल. पारदर्शक फिल्टर लावा आणि पहिल्या दोन टाक्यांनंतर बदला. त्यात पापुद्रे दिसले तर टाकी लगेच उतरवा, कार्ब्युरेटर उघडण्याआधी.