पोराचा कान ठणकू नये तर आधी नाकाकडं बघा

गड्ड्याच्या जत्रेच्या टायमाला सोलापुरात घरोघरी पोरांची नाकं वाहायला लागतात, मग एखाद्या रात्री दोनला कान धरून रडारड सुरू, आणि आजी लगेच लसूण घालून तेल कोमट करायला घेते. ते तेल आधी खाली ठेवा. तेल कानाच्या पडद्याच्या अलीकडंच राहतं, इन्फेक्शन असतं पलीकडं, आणि पडदा फुटलेला असला तर उलट त्रास वाढतो.

नाकाच्या मागून कानात एक बारीक नळी जाते, लहान पोरांत ती आखूड आणि बरीचशी आडवी, म्हणून नाकातले जंतू सहज वर चढतात. पण तिथं शरीराचा बंदोबस्त असतो, नळीच्या अस्तरातून लायसोझाइम नावाचं एन्झाइम पाझरतं. हे अश्रूत, लाळेत, शेंबडात पण असतं, पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनंच 1922 साली जगापुढं आणलं, म्हणजे पेनिसिलिनच्याही आधी. जंतूची बाहेरची भिंत ते कुरतडतं, भिंत गेली की जंतू फुटतो. उंदरांत हे एन्झाइम नसलं तर न्यूमोकोकस नावाच्या जंतूचं कानातलं इन्फेक्शन जास्त जोरात होतं. पण हा न्यूमोकोकस लई बेरकी, भिंतीत असा फेरफार करतो की एन्झाइमला ती तोडायला जड जातं. म्हणून या जंतूवरची पीसीव्ही लस चुकवू नका, सरकारी दवाखान्यात फुकट आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि 9 महिने पूर्ण झाल्यावर.

अंगावरचं दूध पाजत असाल तर उत्तमच, त्यात लायसोझाइम आणि जंतूंना रोखणारं लॅक्टोफेरिन नावाचं प्रोटीन, दोन्ही असतं. बाटली असली तर आडवं झोपवून तोंडात देऊ नका, डोकं वर धरून पाजा.

आता धूर. नळीतले बारीक केस घाण खाली नाकाकडं ढकलत असतात आणि धुरानं तेच मंदावतात, त्यामुळं घरात विडी-सिगारेट बंद, आणि अंघोळीनंतर बाळाला धुरी द्यायची पद्धत पण बंद, सासूबाई रागावल्या तरी चालतील. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे तयार ड्रॉप्स मेडिकलमधनं आणा, घरी अंदाजानं मीठ कालवू नका.

कानामागं सूज, कान वाहतोय, ताप उतरत नाही, पोर सुस्त पडलंय किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, तर थांबू नका, लगेच डॉक्टर. आणि मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक फ्रिजमधनं काढून पाजू नका.