धंद्याचं कागदी काम डोक्यात ठेवू नका: नेहमी दिसणाऱ्या चुका

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. नवीन मुलं भेटायला येतात आणि सगळ्यांची तक्रार एकच असते, "काकू, मशीनचं काम जमतं, पण बाकीचं डोक्यात राहत नाही." राहणारच नाही. टीडीएस (कापून घेतलेला आयकर) ७ तारखेला, जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) ११ला, कामगारांचा पीएफ आणि ईएसआय (विमा) १५ला, जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं रिटर्न) २०ला. यातल्या कुठल्याही कामाला फार वेळ लागत नाही. माणूस दमतो तो आठवण ठेवून. रात्री दीडला जाग येते आणि "ते भरलं का?" एवढ्या एका प्रश्नावर झोप उडते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जीएसटी पोर्टलवर कर सल्लागाराचा मोबाईल आणि ईमेल देणं. मीही तेच केलं होतं. नोंदणीच्या वेळी सल्लागाराच्या ऑफिसातल्या मुलाने स्वतःचा नंबर टाकला, मला सोयीचं वाटलं. पुढे तो मुलगा नोकरी सोडून गेला. फेब्रुवारीत, द्राक्षांच्या ऐन हंगामात, दिंडोरीच्या पॅकहाऊसला जाणारा ट्रक रात्री आठला भरून उभा होता. माल लाखाच्या वर, म्हणजे ई-वे बिल (माल वाहून नेण्याचा ऑनलाइन परवाना) हवंच. ते निघेना. लागोपाठ दोन महिन्यांचं ३बी भरलंच नव्हतं, म्हणून ई-वे बिल काढणंच बंद झालं होतं. सल्लागार म्हणाले, तुमची खरेदी-विक्रीची बिलंच आली नाहीत. मी समजत होते, ती पोचली आणि रिटर्न भरलं. आठवणीचे सगळे मेल त्या मुलाकडे जात होते. पैसे घेऊन भरायला बसलो, तर ओटीपीही त्याच्याच नंबरवर! तो गावी, फोन लागेना. दुसऱ्या दिवशी अकराला सापडला. तोवर तिकडे पहाटे तोडलेली द्राक्षं क्रेटमध्ये आणि मजूर खोक्यांची वाट बघत बसलेले. त्या बागायतदाराच्या समोर उभं राहणं मला फार जड गेलं.

तेव्हापासून नंबर माझा, ईमेल माझा. दर महिन्याच्या २१ला मी स्वतः लॉगिन करते, रिटर्न भरलेलं दिसतंय का ते बघते आणि एआरएन, म्हणजे रिटर्न भरल्याचा पोच क्रमांक, वहीत लिहिते. सल्लागार "झालं" म्हणाले तरी एआरएन मागते. चांगल्या सल्लागाराला त्याचा राग येत नाही. नोटिसांचे दोन्ही कप्पे उघडते, कारण "ॲडिशनल नोटिसेस" हा वेगळा कप्पा बरेच जण उघडतच नाहीत. आदेशाविरुद्ध अपिलाला तीनच महिने मिळतात.

दुसरी चूक घाईची. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तिमाही रिटर्नचा पर्याय मिळतो. नवीन मुलं तो ऐकतात आणि तीन महिने निश्चिंत होतात. रिटर्न तिमाही असलं तरी तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५पर्यंत भरावाच लागतो. नाहीतर १८ टक्के व्याज. पर्याय चांगला आहे, पण नीट न वाचता घेऊ नका.

तारखांसाठी फोनमध्ये चार ॲप घालू नका. आमच्याकडे कारखान्याच्या भिंतीवर कालनिर्णय आहे. शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधीच्या चौकटीत लाल पेनाने लिहायचं, काम झालं की खोडायचं. मी आजारी पडले तरी सुनेला बघून कळतं. कागदी कामाला गुरुवारची सकाळ, दहा ते साडेअकरा. दिवसभर मध्ये मध्ये एकेक काम करत राहिलात तर दिवसभर तेच डोक्यात राहतं.

बाकीच्या थोडक्यात. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरा, नाहीतर दिवसाला २० रुपये लागतात. मालकाचा प्रोफेशन टॅक्स, वर्षाचे २५०० रुपये, ३० जूनच्या आत. घरखर्चाचं आणि दुकानाचं यूपीआय एकाच खात्यावर नको. बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर पडून राहू देऊ नका, त्याच दिवशी फायलीत लावा.

आणि उधारी. सगळ्यात जास्त झोप तीच खाते, कारण मागायला संकोच वाटतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ग्राहकाने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, असा कायदाच आहे. मी उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख बिलावरच छापते. मग फोन करताना आवाज चाचरत नाही.