स्मूद मसल आकसणार की सैल पडणार, हे पाठांतर न करता कसं ओळखायचं

फिजिओलॉजीच्या पुस्तकात स्मूद मसलचं, म्हणजे रक्तवाहिन्या, श्वासनलिका यांच्या भिंतींतल्या, आपल्या इच्छेने न हलणाऱ्या स्नायूचं पान उघडलं की बाणांचं जंगल दिसतं, रिसेप्टर मग जी प्रोटीन मग आयपी३ मग कॅल्शियम मग कॅल्मोड्युलिन मग आणखी दोन-चार किनेज, आणि बहुतेक जण ते सगळं आहे तसं घोकतात आणि वायवाला न वाचलेल्या औषधाचं नाव आलं की गार पडतात. घोकायची गरजच नाहीये. बाण जिथे संपतात तिथून उलटे मागे या, निम्मं काम तिथेच होतं.

सगळे बाण येऊन थांबतात मायोसिनच्या एका छोट्या साखळीवर, जिला रेग्युलेटरी लाइट चेन म्हणतात, आणि तिच्यातल्या १९ नंबरच्या सेरीनवर. त्या सेरीनवर फॉस्फेट लागला की मायोसिन अ‍ॅक्टिनला धरून ओढायला लागतं, फॉस्फेट निघाला की ओढणं थांबतं. लावणारं एन्झाइम मायोसिन लाइट चेन किनेज, काढणारं मायोसिन फॉस्फटेज. वहीत आधी एवढंच काढा, मध्ये सेरीन, डावीकडे किनेज, उजवीकडे फॉस्फटेज, बाकी पान कोरं ठेवा. आता कुठलंही औषध, हार्मोन, काहीही समोर आलं तरी दोनच प्रश्न विचारायचे: पेशीतलं कॅल्शियम वर गेलं की खाली आलं, आणि फॉस्फटेज मोकळं आहे की दाबलं गेलंय. दुसरा प्रश्न लोक विसरतात आणि मग गडबड होते, त्यावर येतोच.

त्याआधी स्केलेटल मसलचं, म्हणजे हाडांना जोडलेल्या स्नायूचं, चित्र डोक्यातून काढून टाका. तिथे कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटतं, अ‍ॅक्टिनवरचा अडथळा सरकतो आणि मायोसिनला वाट मोकळी होते. स्मूद मसलमध्ये ट्रोपोनिन नाहीच. इथे कॅल्शियम कॅल्मोड्युलिनला चिकटतं, एका कॅल्मोड्युलिनला चार कॅल्शियम, मग ती जोडी जाऊन किनेजला जागं करते आणि मग किनेज फॉस्फेट लावतं. म्हणजे मध्ये एक पूर्ण एन्झाइमचं काम आलं, आणि स्मूद मसल सावकाश आकसतो त्याचं एक मोठं कारण हेच.

आता पहिला प्रश्न, कॅल्शियम. निवांत पेशीत मोकळं कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असतं आणि पेशीबाहेर १ मिलिमोलरच्या वर, म्हणजे फरक दहा हजार पटींच्या आसपास, त्यामुळे दार जरा उघडलं तरी ते आत घुसणारच. आकुंचनासाठी आतलं प्रमाण ५०० ते १००० नॅनोमोलरपर्यंत चढलं तरी पुरतं. आत यायच्या मुख्य वाटा तीन धरा. पेशीचा व्होल्टेज शून्याकडे सरकला की उघडणारं एल-टाइप चॅनल, नॉरअ‍ॅड्रेनालिनसारख्या सिग्नलमुळे आयपी३ हा निरोप्या रेणू तयार होऊन सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठारातून, सुटणारा साठा, आणि तो साठा रिकामा झाला की बाहेरून भरणारं ओराय चॅनल. बाहेर काढायला रेटिक्युलमवरचा सर्का पंप, जो एका एटीपीवर दोन कॅल्शियम परत साठ्यात ढकलतो, पेशीच्या पडद्यावरचा कॅल्शियम पंप, आणि तीन सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम बाहेर फेकणारा एक्सचेंजर. एवढं पुरे, यात जास्त अडकू नका.

कुठल्या वाटेने कॅल्शियम आलं हे ओळखायचं असेल तर ऑर्गन बाथमधला, म्हणजे ऊतक द्रावणात जिवंत ठेवून केलेला, प्रयोग डोक्यात चालवा, मला तरी कुठल्याही आकृतीपेक्षा तो जास्त कळतो. रक्तवाहिनीची छोटी रिंग दोन हुकांत अडकवलीय, एक हुक ताण मोजणाऱ्या ट्रान्सड्युसरला. बाथमध्ये ६० मिलिमोलर पोटॅशियम टाका, व्होल्टेज शून्याकडे सरकतो, एल-टाइप उघडतं, रिंग आकसते आणि आकसलेलीच राहते. आता एल-टाइप अडवणारं निफेडिपिन टाका, रेषा खाली येते. मग रिंग धुऊन बाथमधलं कॅल्शियम काढून टाका, ईजीटीए घालून उरलंसुरलंही बांधून टाका आणि पोटॅशियम परत द्या, जवळजवळ काहीच होत नाही. पण त्याच कॅल्शियम नसलेल्या बाथमध्ये, पेशीतला साठा रिता व्हायच्या आत, नॉरअ‍ॅड्रेनालिनसारखं काम करणारं फेनिलएफ्रिन दिलं तर रेषा थोडी वर उडी मारते आणि लगेच खाली बसते. ती उडी आतल्या साठ्याची, आणि ती टिकली नाही कारण बाहेरून भर नाहीये. परीक्षेत असा ग्राफ आला तर उडी आहे का आणि टिकली का, एवढंच बघा.

आता दुसरा प्रश्न. समजा पेशीच्या पडद्याला भोकं पाडली आणि आतलं कॅल्शियम आपण बाहेरून एकाच पातळीवर धरून ठेवलं, वर नाही खाली नाही. आता रिसेप्टर चालू करणारं औषध आणि सोबत जी प्रोटीनला लागणारं जीटीपी दिलं तर मसल तरीही जास्त जोराने आकसतो. कॅल्शियम हललंच नाही, मग जोर आला कुठून? फॉस्फटेज दाबल्यामुळे. ऱ्होए नावाचं प्रोटीन ऱ्हो किनेजला चालू करतं, ते फॉस्फटेजच्या एमवायपीटी१ या भागावर फॉस्फेट लावतं आणि फॉस्फटेज मंदावतं. दुसरी वाट प्रोटीन किनेज सी आणि सीपीआय-१७ ची, परिणाम तोच. याला कॅल्शियम सेन्सिटायझेशन म्हणतात. मेंदूतल्या रक्तस्रावानंतर वाहिन्या आवळल्या जातात त्यासाठी जपानमध्ये १९९५ पासून वापरात असलेलं फासुडिल नेमकं इथेच काम करतं, ऱ्हो किनेज अडवतं. माझ्या मते हा भाग कॅल्शियमच्या भागाइतकाच महत्त्वाचा आहे पण नोट्समध्ये त्याला एखादी ओळ मिळते.

लॅच स्टेट, म्हणजे कमी खर्चात ताण धरून ठेवण्याची अवस्था, तिच्याबद्दल थोडक्यात, कारण विचारतात: सुरुवातीनंतर कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही खाली उतरतात तरी ताण टिकून राहतो, मायोसिन अ‍ॅक्टिनला फार हळू सोडतं, आणि एटीपीचा खर्च कमी होतो.

सैल पडण्याची उदाहरणं दोन प्रश्नांनी सोडवून बघा. नायट्रोग्लिसरीन घ्या. छातीच्या दुखण्यावर ते १८७९ पासून वापरात होतं, पण त्यातून नायट्रिक ऑक्साइड निघतं हे १९७७ मध्ये फेरिड म्युराड यांनी दाखवलं. नायट्रिक ऑक्साइडमुळे पेशीतला सीजीएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, त्यामुळे प्रोटीन किनेज जी जागं होतं, आणि ते दोन्ही प्रश्नांवर हात मारतं, पोटॅशियम चॅनल उघडून आणि साठ्याचं दार आवळून कॅल्शियम खाली, शिवाय फॉस्फटेज मोकळं. सिल्डेनाफिल तेच सीजीएमपी तुटू देत नाही, म्हणूनच ही दोन औषधं एकत्र दिली तर रक्तदाब धोकादायक घसरतो, देऊच नयेत.

सालब्युटामॉल, दम्याचं औषध: सीएएमपी हा दुसरा निरोप्या रेणू वाढतो, श्वासनलिकेचा मसल सैल. इथे हमखास शंका येते की हृदयात सीएएमपी वाढलं की जोर वाढतो मग इथे उलटं कसं. हृदयात ट्रोपोनिन आहे आणि सीएएमपीमुळे दर ठोक्याला जास्त कॅल्शियम सुटतं. स्मूद मसलमध्ये कॅल्शियम खाली जातं. सीएएमपीवर चालणारं किनेज मायोसिन किनेजलाच फॉस्फेट लावून मंद करतं असंही पुस्तकात असतं, टेस्टट्यूबमध्ये ते दिसतं, पण जिवंत पेशीत त्याचा वाटा किती यावर वाद आहे, म्हणून उत्तरात आधी कॅल्शियम लिहा.

एक सापळाही लक्षात ठेवा. रायनोडिन रिसेप्टरमधून, म्हणजे साठ्यावरच्या आणखी एका दारातून, पडद्यालगत कॅल्शियमच्या बारीक ठिणग्या उडतात, त्यांना स्पार्क म्हणतात, आणि धमन्यांमध्ये त्या मसलला सैल करतात! ठिणगीने शेजारचं मोठं पोटॅशियम चॅनल उघडतं, व्होल्टेज खाली जातो, एल-टाइप बंद होतं आणि पूर्ण पेशीतलं कॅल्शियम उतरतं. म्हणजे पहिला प्रश्न विचारताना पूर्ण पेशीचं कॅल्शियम बघायचं, एका कोपऱ्यातलं नाही.

आणि शेवटी अ‍ॅसिटिलकोलिन, जे सगळ्यांना फसवतं. १९८० मध्ये फर्चगॉट आणि झावाडझ्की यांनी सशाच्या महाधमनीवर दाखवलं की आतलं एंडोथेलियम, म्हणजे वाहिनीच्या आतल्या पेशींचं अस्तर, शाबूत असेल तर अ‍ॅसिटिलकोलिनने वाहिनी सैल होते, आणि ते खरवडलं गेलं असेल तर सैल होत नाही, डोस वाढवला तर उलट आकसते. रिसेप्टर दोन्हीकडे, कॅल्शियम दोन्हीकडे वाढतं, पण एंडोथेलियममध्ये वाढलेल्या कॅल्शियमने नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि ते शेजारच्या मसलला सैल करतं, तर मसलमध्येच वाढलं तर तिथलं किनेज जागं होतं. तेव्हा असा प्रश्न आला की पेन उचलायच्या आधी एवढंच बघा, सिग्नल नक्की कुठल्या पेशीला मिळालाय.