दीपगृहाचा फोटो कसा काढावा आणि त्याचा इतिहास कसा शोधावा: कोल्हापूरकरांसाठी

कोल्हापूरहून कोकणातील दीपगृहे गाठणे अवघड नाही. रत्नागिरीला आंबा घाटाने, देवगडला गगनबावड्यावरून किंवा फोंडा घाटाने आणि वेंगुर्ल्याला आजरा-आंबोलीमार्गे उतरता येते. कॅमेरा, भक्कम ट्रायपॉड, भरलेल्या बॅटऱ्या आणि भिंग पुसण्याचे कापड वाचकाकडे आहे, असे येथे गृहीत धरले आहे. मुक्काम मात्र घाटाखालीच करावा, कारण त्याच रात्री परत वर चढण्याचा बेत ठेवणारा माणूस ऐन मोक्याच्या अर्ध्या तासात घड्याळाकडे पाहत राहतो.

इतिहासाचे वाचन निघण्यापूर्वी उरकावे. दीपगृहापाशी उभे राहून मोबाइलवर वाचलेली माहिती बहुधा एकाच चुकीची दहा ठिकाणी झालेली नक्कल असते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीविषयीचा दहावा खंड १८८० साली प्रसिद्ध झाला; करवीर नगर वाचन मंदिरात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याची चौकशी करावी. कोल्हापूर संस्थानच्या दप्तरात दीपगृहांचा शोध घेण्याची हौस अनेकांना असते, आणि ती समजण्यासारखी आहे, कारण मालवण एके काळी करवीरकरांचेच होते. परंतु ते १८१२ मध्ये इंग्रजांकडे गेले आणि रत्नागिरीचे दीपगृह उभे राहिले १८६७ साली. या दिव्यांचा कारभार मुंबई सरकारचा होता, त्यामुळे मूळ कागद पाहायचे असतील तर मुंबईच्या पुराभिलेखागाराची वाट धरावी.

वाचताना दोन गोष्टींत हमखास गफलत होते. पहिली उंचीची. नाविकांसाठीच्या दिव्यांच्या यादीत दिलेली उंची ही भरतीच्या पाण्यापासून दिव्यापर्यंतची असते, मनोऱ्याची नव्हे. टेकडीवरचा बुटका मनोराही त्या यादीत उंच दिसतो, आणि तोच आकडा पुढे मनोऱ्याची उंची म्हणून फलकांवर आणि लेखांत छापला जातो. दिव्याचा पल्ला सागरी मैलांत असतो आणि एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. दुसरी गफलत सालाची. त्या जागी दिवा प्रथम कधी लागला, आज उभा असलेला मनोरा कधी बांधला आणि आजचे भिंग कधी बसवले, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. गोव्यातील आग्वाद येथे १८६४ चा जुना मनोरा किल्ल्यात उभा आहे, पण त्याचे काम १९७६ मध्ये जवळच्या नव्या दीपगृहाने घेतले. तेथे नव्या मनोऱ्याच्या फोटोखाली १८६४ लिहिणारे पुष्कळ भेटतात. नुसते साल देऊन ते कशाचे हे न सांगणारा मजकूर माझ्या मते वापरण्याच्या लायकीचा नसतो.

प्रवेशाची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी. अनेक दीपगृहे सामान्यांसाठी फक्त दुपारनंतर थोडा वेळ उघडी असतात आणि कॅमेऱ्याचे वेगळे तिकीट लागू शकते. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नये.

वर गेल्यावर देखाव्याआधी यंत्र पाहावे. भिंगाच्या बैठकीवर बनवणाऱ्याची पाटी असल्यास तिचा सरळ समोरून फोटो घ्यावा, कारण पाटीवरचे नाव आणि साल कोणत्याही माहितीफलकापेक्षा भरवशाचे असते. कडेकडेने काचेच्या लोलकांची वलये असलेले हे भिंग फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाची देणगी आहे. त्याच्या पद्धतीचे पहिले मोठे भिंग १८२३ साली फ्रान्समधील कोर्दुआं दीपगृहात लागले. दिवसा भिंगाभोवती पडदे ओढलेले दिसले तर हिरमुसू नये आणि ते बाजूला सारण्याचा आग्रहही धरू नये, कारण उन्हाची तिरीप त्या भिंगातून एकवटली तर आतले सामान जळू शकते.

दिवसाउजेडी मनोऱ्याचे रंग हवे असतील तर हिवाळ्यात दक्षिणेकडून आणि उन्हाळ्यात उत्तरेकडून, मावळतीच्या आधी दोनेक तास फोटो घ्यावा. मनोरा झुकलेला दिसू नये म्हणून मागे सरावे. एवढे पुरे.

खरा कस लागतो तो अंधार पडताना फिरत्या दिव्याचे झोत टिपण्यात. या टप्प्याने मला बराच काळ दमवले, आणि त्याला सर्वत्र दिला जाणारा ‘शटर तीस सेकंद उघडे ठेवा’ हा सल्ला बऱ्याच अंशी जबाबदार आहे. तो सल्ला चुकीचा का, हे गणिताने पाहावे. जुन्या पद्धतीच्या दीपगृहात दिवा सतत जळत असतो आणि त्याभोवती भिंग फिरते. भिंगाचा एखादा फलक, म्हणजे प्रकाश एका झोतात एकवटणारा त्याचा भाग, आपल्या समोर आला की आपल्याला चमक दिसते. समजा, दर ५ सेकंदांनी चमक दिसते आणि भिंगाला एकसारखे चार फलक आहेत. म्हणजे पूर्ण फेरी २० सेकंदांची झाली आणि झोत दर सेकंदाला १८ अंश सरकला. तीस सेकंदांत प्रत्येक झोत संपूर्ण आकाश दीड वेळा पुसून जातो. फोटोत झोत उरतच नाही, उरते ती मनोऱ्याच्या डोक्याभोवतीची पांढुरकी धूसर प्रभा. शटर पाव सेकंदाचे ठेवले तर तोच झोत साडेचार अंशच सरकतो आणि रेखीव उमटतो. मी कॅमेऱ्याच्या भिंगाचे छिद्र एफ/२.८, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० ते ३२०० आणि शटर पाव सेकंद येथून सुरुवात करतो आणि लागोपाठ फोटो घेत राहतो. आयएसओ वाढल्याने दिसणारे दाणे पत्करावेत. पुसून गेलेला झोत मात्र घरी आल्यावर कोणत्याही उपायाने परत येत नाही.

म्हणून ट्रायपॉड उभा करण्याआधी चमकेचा काळ मोजावा. एक ठळक चमक धरून दहा आवर्तने होईपर्यंत स्टॉपवॉच चालू ठेवावे आणि आलेल्या वेळेला दहाने भागावे. चमका दोन-दोन किंवा तीन-तीनच्या गटाने येत असतील तर गटाची पहिली चमक धरावी. आता अनेक ठिकाणी स्थिर भिंगात एलईडी दिवा स्वतःच उघडझाप करतो. संपूर्ण दीपकक्ष एकदम उजळून एकदम विझत असेल तर तेथे फिरते झोत नाहीत, आणि त्यांच्या मागे लागून संध्याकाळ वाया घालवू नये.

जागा निवडताना आणखी एक अडचण येते. जमिनीच्या बाजूला प्रकाश जाऊ नये म्हणून अनेक दीपकक्षांची ती बाजू झाकलेली असते. रस्त्याच्या बाजूला सोयीची सपाट जागा पाहून थांबलेल्या माणसाच्या वाट्याला काळोख येतो. समुद्राच्या बाजूकडे झुकलेली जागा शोधावी आणि खडकावर उतरण्यापूर्वी भरतीची वेळ पाहावी. झोत दिसण्यासाठी हवेत बाष्प किंवा धूळ लागते. पावसाने धुऊन काढलेल्या स्वच्छ हवेत तो जवळजवळ दिसेनासा होतो, म्हणून किंचित धुकट संध्याकाळ मी कधीही सोडत नाही.

वेळेची गणना सूर्यास्तापासून करावी. पहिली वीस-पंचवीस मिनिटे आकाश निळे आणि मनोरा अजून स्पष्ट असतो. या वेळात आयएसओ १०० वर, जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट येईल अशी पायाभूत चौकट घेऊन ठेवावी. उजेड घटेल तसा शटरचा वेळ वाढवत जावे. त्यानंतर कॅमेरा तसूभरही न हलवता झोतांचे फोटो घ्यावेत आणि घरी दोन्ही एकत्र करावेत. दीपकक्षाची काच पांढरीफटक जळून जाते, म्हणून तिच्यासाठी शटरचा वेळ बराच कमी करून एक वेगळी चौकट घ्यावी. मात्र संगणकावर काढलेले नकली झोत जोडू नयेत: ज्याला भिंगाच्या फलकांची संख्या माहीत आहे त्याला झोतांमधला कोन पाहताच ती लबाडी कळते.

वातानुकूलित गाडीतून कॅमेरा बाहेर काढताच कोकणच्या दमट हवेत भिंगावर दव धरते. तो सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पिशवीतच ठेवून बाहेरच्या हवेत आणावा. घरी परतल्यावर खारे थेंब ओलसर कापडाने पुसावेत, आणि फोटोच्या नोंदीत तारीख, उभे राहण्याची जागा आणि मोजलेला चमकेचा काळ लिहावा. हा काळ दिव्यांच्या जुन्या यादीतील काळाशी ताडून पाहावा. तो जुळला नाही तर मधल्या वर्षांत भिंग, फिरवण्याचे यंत्र किंवा दिवाच बदललेला असण्याची दाट शक्यता असते, आणि मग तो बदल कोणत्या वर्षीच्या यादीत प्रथम दिसतो, हे एकेक आवृत्ती मागे जात शोधावे.